नळाची धार, उदबत्तीचा धूर आणि संगणक

गेल्या महिन्यात बडोद्याहून एका भगिनींचे पत्र आले. चार पाने, वळणदार अक्षर आणि ओळीओळीत काळजी. मुलगी मेकॅनिकल इंजिनिअर झाली आहे. एका सॉफ्टवेअर कंपनीची नोकरी हातात आहे आणि एम.टेक.ला प्रवेशही मिळतो आहे. विषय आहे पाण्याच्या आणि हवेच्या प्रवाहांचा. मुलीला शिकायचे आहे, पण तिच्या काकांना ते पटत नाही. त्यांचे म्हणणे असे की, "हे सगळे आता संगणकच करतो. बटण दाबले की विमानावरून वारा कसा जातो त्याचे रंगीत चित्र पडद्यावर हजर! त्यासाठी आणखी दोन वर्षे कशाला घालवायची?" घरात यावरून बरीच धुसफूस झालेली दिसते. पत्राच्या शेवटी भगिनींनी विचारले आहे, "भावजींचे म्हणणे खरे आहे का?"

नोकरी धरावी की शिकावे, हे सांगणारी मी कोण? पण भावजींचे म्हणणे अर्धे खरे आहे. उरलेल्या अर्ध्यात बरीच गंमत आहे आणि थोडा धोकाही आहे. आजचा लेख त्या अर्ध्यासाठी.

आधी स्वयंपाकघरात चला. नळ अगदी थोडा उघडा. पाण्याची धार काचेच्या कांडीसारखी स्वच्छ, स्थिर दिसते. आता नळ हळूहळू मोठा करा. एका ठिकाणी ती धार गढूळल्यासारखी होते, थरथरते, आवाज करू लागते. पाणी तेच, नळ तोच, पण वाहण्याची तऱ्हा बदलली. संध्याकाळी देवापुढे उदबत्ती लावाल तेव्हा धुराकडेही पाहा. थोडे अंतर तो दोऱ्यासारखा सरळ चढतो आणि मग एकाएकी विस्कटून त्याची वेटोळी होतात. पहिल्या तऱ्हेला शास्त्रज्ञ स्तरीय प्रवाह म्हणतात, दुसरीला संक्षुब्ध प्रवाह. द्रव आणि वायू या दोघांना मिळून आपल्या कोशकारांनी 'द्रायू' असा एक छान शब्द घडवला आहे. तो फारसा रुळला नाही याचे मला वाईट वाटते.

ही तऱ्हा नेमकी कधी बदलते, हे इंग्लंडमध्ये मँचेस्टरला ऑसबोर्न रेनॉल्ड्स नावाच्या प्राध्यापकाने १८८३ साली दाखवून दिले. काचेच्या लांब नळीतून पाणी सोडायचे आणि त्यात मधोमध रंगाची बारीक धार सोडायची, एवढाच प्रयोग. वेग कमी असला की रंगाची रेघ शेवटपर्यंत सरळ जाई. वेग वाढला की ती फुटून सगळे पाणी रंगून जाई. वेग, नळीची रुंदी आणि द्रवाचा पातळपणा-दाटपणा यांतून एक अंक काढता येतो आणि सारे त्या अंकावर ठरते, हे त्याने ओळखले. आज त्याला रेनॉल्ड्स अंक म्हणतात. नळीतला प्रवाह हा अंक साधारण २००० होईपर्यंत शहाण्यासारखा वागतो. वेगवान गोलंदाजाच्या हातून सुटलेल्या क्रिकेटच्या चेंडूभोवतीच्या हवेचा अंक दीड लाखाच्या आसपास असतो, तर प्रवासी विमानाच्या पंखाचा कोट्यवधींच्या घरात.

म्हणजे शांत, सरळ प्रवाह हा अपवाद झाला. नदी, वारा, धुराडे, पंप, मोटारीचे इंजिन, पंखा, सगळीकडे खळबळच. शिवाय ही खळबळ नेहमी नुकसानीची असते असेही नाही. ती नसती तर चहात घातलेली साखर ढवळूनही नीट मिसळली नसती.

त्या चहाच्या कपातच सगळी अडचण दडली आहे. चमच्याने तुम्ही एक मोठा भोवरा उठवता. तो फुटून लहान भोवरे होतात, त्यांचे आणखी लहान, आणि शेवटी भोवरे इतके बारीक होतात की द्रवाचा चिकटपणा त्यांना गिळून टाकतो आणि त्यांची शक्ती किंचितशा उष्णतेत विरून जाते. रशियाच्या कोल्मोगोरोव्ह यांनी १९४१ साली या सर्वांत बारीक भोवऱ्याचा आकार कसा काढायचा ते सांगितले. वेग जितका जास्त, तितका हा शेवटचा भोवरा बारीक.

मग गणिताचे काय? समीकरणे तर केव्हाच सापडली आहेत. फ्रान्सच्या नाव्हिए यांनी ती १८२२ साली मांडली आणि केंब्रिजच्या स्टोक्स यांनी १८४५ साली पक्क्या पायावर उभी केली. कागदावर ती चार ओळींत मावतात, पण सोडवायला बसले की भल्याभल्यांची दमछाक होते. या समीकरणांना नेहमी सुरळीत उत्तर असतेच, एवढे नुसते सिद्ध करणाऱ्याला अमेरिकेतल्या क्ले संस्थेने २००० साली दहा लाख डॉलरचे बक्षीस लावले. ते अजून कोणी नेलेले नाही.

कागदावर सुटत नाही तर आकडेमोडीने सोडवावे, ही कल्पना संगणकापेक्षा जुनी आहे. लुईस रिचर्डसन हा इंग्रज गणिती पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमींची गाडी चालवत असे. त्या धामधुमीत त्याने हवेच्या समीकरणांवरून सहा तासांत वायुदाब किती बदलेल ते हाताने मोजून पाहिले. उत्तर साफ चुकले! तरी १९२२ साली त्याने पुस्तक लिहून त्यात आपली चूकही छापली, आणि एक स्वप्नही मांडले. नाट्यगृहासारखे एक प्रचंड दालन असावे, त्यात ६४,००० माणसांनी बसून प्रत्येकाने पृथ्वीच्या आपापल्या तुकड्याची आकडेमोड करावी आणि शेजाऱ्याला उत्तर द्यावे. आज संगणकात होते ते हेच. पाण्याने किंवा हवेने भरलेल्या जागेवर कल्पनेने जाळी टाकायची, प्रत्येक बिंदूवर वेग आणि दाब मोजायचा, शेजारच्या बिंदूंना कळवायचा, क्षणभर पुढे सरकायचे आणि पुन्हा मोजायचे.

अट एकच, पण जीवघेणी. जाळी इतकी बारीक हवी की शेवटचा भोवराही तिच्या भोकातून निसटता कामा नये. रेनॉल्ड्स अंक दहापट झाला की जाळीचे बिंदू सुमारे पावणेदोनशे पट लागतात आणि एकूण काम सुमारे हजारपट होते. १९७२ साली ऑरझॅग आणि पॅटरसन या दोघांनी अमेरिकेत अशी पहिली आकडेमोड केली. त्यांच्या ठोकळ्याच्या प्रत्येक कडेवर ३२ बिंदू होते, म्हणजे सगळे मिळून ३२,७६८. आता योगायोग पाहा. अमेरिकेच्याच ओक रिज प्रयोगशाळेतल्या 'फ्रंटियर' या महासंगणकावर अलीकडे जी आकडेमोड झाली, तिच्या ठोकळ्याच्या एकेका कडेवरच ३२,७६८ बिंदू होते. एकूण झाले सुमारे ३५ लाख कोटी! पन्नासएक वर्षांची ही मजल. आणि तरीही तो नुसता ठोकळाच आहे. त्याला भिंत नाही, त्यात पंख नाही, पाते नाही. उडत्या विमानाभोवतीचा शेवटचा भोवरा मोजणे आजच्या कोणत्याही संगणकाच्या आवाक्याबाहेर आहे.

मग भावजींनी पाहिलेले ते रंगीत चित्र कुठून आले?

ती वाट रेनॉल्ड्सनेच १८९५ साली दाखवली होती. प्रत्येक भोवऱ्याच्या मागे धावू नका, सरासरी घ्या, असा त्याचा सल्ला. रेल्वे स्टेशनवरच्या गर्दीत प्रत्येक माणूस कुठे जातो ते न पाहता तासाला किती माणसे पुलावरून गेली तेवढे मोजावे, तसे. पण सरासरी घेतली की एक नवा प्रश्न उभा राहतो. धक्काबुक्की तर चालूच आहे, तिचा परिणाम हिशेबात कुठे धरायचा? इथे समीकरणे हात वर करतात. मग माणूस अंदाज बांधतो. या अंदाजाला 'मॉडेल' म्हणतात.

सगळ्यांत जास्त वापरले गेलेले मॉडेल लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातून आले. ब्रायन लाउंडर आणि ब्रायन स्पॉल्डिंग यांनी १९७४ साली त्याची घडी बसवली. त्यात पाच ठरावीक आकडे आहेत : ०.०९, १.४४, १.९२, १.० आणि १.३. हे आकडे कोणत्याही मूळ नियमातून आलेले नाहीत. वाऱ्याच्या बोगद्यात, म्हणजे वातविवरात, जाळीमागची खळबळ कशी विरत जाते ते मोजून, भिंतीजवळचा प्रवाह मोजून, आणि मग उत्तरे प्रयोगांशी जुळेपर्यंत आकडे थोडे इकडेतिकडे सरकवून ते ठरवले गेले. आमटीत मीठ अंदाजाने घालतो ना, तसे. रोजच्या आमटीत ते बरोबर पडते. पंचवीस पानांचा स्वयंपाक असला की हात चुकतो.

त्याच इम्पीरियल कॉलेजात स्पॉल्डिंग यांच्या हाताखाली आपल्या पुण्याच्या एका माणसाने काम केले, हे मला आवर्जून सांगितले पाहिजे. सुहास पाटणकर. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९६२ साली पदवी, मुंबईच्या आय.आय.टी.तून एम.टेक. आणि मग लंडन. या आकडेमोडीत दाब आणि वेग एकमेकांवर अवलंबून असतात, आणि दोन्ही अज्ञात. पाटणकर आणि स्पॉल्डिंग यांनी १९७२ साली सांगितलेली तोड अशी : आधी दाबाचा अंदाज करा, त्यावरून वेग काढा आणि मग जाळीच्या प्रत्येक घराची जमाखर्चाची वही तपासा. जितके पाणी आत आले तितकेच बाहेर गेले का? नसेल तर फरकाच्या मानाने दाब दुरुस्त करा आणि पुन्हा पहिल्यापासून. वही जुळेपर्यंत हेच करत राहायचे. या रीतीचे नाव 'सिंपल'. पाटणकर पुढे अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९८० साली त्यांनी लिहिलेल्या आटोपशीर पुस्तकावर जगभरच्या इंजिनिअरांच्या पिढ्या शिकल्या, आणि ती रीत किंवा तिची भावंडे आजही या विषयाच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये बसलेली आहेत.

आता आमच्या घरची एक गोष्ट सांगते. माझा भाचा वीसेक वर्षांपूर्वी पुण्याजवळच्या एका कारखान्यात लागला. पत्र्याच्या कपाटांचा रंग वाळवायची नवी भट्टी बनवायची होती. वरून गोल नॉझलांच्या रांगेतून गरम हवेचे झोत सोडायचे आणि खालून कपाटे सरकत न्यायची. त्याने संगणकावर हिशेब केला. चित्र इतके देखणे आले की त्याने मला घरी आणून दाखवले. झोत खाली येता येता पसरून एकमेकांत मिसळले होते, आणि सगळ्या पत्र्यावर एकसारखा लाल रंग, म्हणजे एकसारखी उष्णता. साहेब खूश झाले आणि भट्टी उभी राहिली. पहिली कपाटे बाहेर आली ती पट्टेदार! दोन नॉझलांच्या मधल्या पट्ट्यात रंग बोटाला चिकटत होता.

आठवडाभर पोराला झोप नव्हती. शेवटी तिथल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी तारेच्या चौकटीवर लोकरीचे बारीक धागे बांधले आणि चौकट झोताखाली धरली. कुठले धागे फडफडतात आणि कुठले नुसते लोंबतात ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिले. झोत चित्रातल्यापेक्षा अरुंद होते. नॉझले जवळजवळ आणून काम भागले.

खरी बोच पुढे आहे. ते पाच आकड्यांचे मॉडेल लांब, सपाट फटीतून निघणारा झोत ठीक सांगते, पण गोल तोंडातून निघणारा झोत प्रत्यक्षापेक्षा जास्त पसरवून दाखवते. हा दोष कुणी लपवलेला नाही. तो जुनाच असून पुस्तकांत नोंदलेला आहे. भाच्याने ते पान वाचले नव्हते. सॉफ्टवेअरनेही विचारले नाही की, बाबा रे, तुझा झोत गोल की चपटा? त्याने इमानाने आकडेमोड केली आणि रंग भरून दिले. भाचा अजून म्हणतो, "मावशी, चुकीच्या चित्राचे रंगही तितकेच सुंदर असतात."

सरासरीतही एक सापळा आहे, आणि त्याची मोठी किंमत इंग्लंडने मोजली. यॉर्कशरमधल्या फेरीब्रिज वीज केंद्रात पाणी थंड करण्याचे आठ प्रचंड मनोरे होते, प्रत्येकाची उंची सुमारे ११४ मीटर. १ नोव्हेंबर १९६५ रोजी वादळी वाऱ्यात त्यांतले तीन कोसळले. चौकशीत दिसले की हिशेबात वाऱ्याचा मिनिटभराचा सरासरी वेग धरला होता, आणि झोत तर काही सेकंदांचे, त्याहून कितीतरी जोराचे असतात. शिवाय प्रतिकृतीची चाचणी एकट्या मनोऱ्याची घेतली होती. प्रत्यक्षात पुढच्या रांगेतल्या मनोऱ्यांमधून वारा घुसून, भोवरे उठवत मागच्यांवर आदळला, आणि पडले ते मागचेच. तेव्हा उत्तर सरासरीचे आहे की क्षणाक्षणाचे, हे चित्र पाहणाऱ्याला ठाऊक असावे लागते. म्हणून हल्ली अशा कामांत मधली वाट धरतात. मोठे भोवरे प्रत्यक्ष मोजायचे आणि फक्त बारक्यांचा अंदाज करायचा. याचे मूळ १९६३ सालच्या स्मॅगोरिन्स्की यांच्या हवामानाच्या आकडेमोडीत आहे. उत्तर चांगले येते, पण संगणकाचे बिलही तसेच येते.

मोटारींच्या शर्यतीत २०१० साली व्हर्जिन नावाच्या नव्या संघाने फॉर्म्युला वनची गाडी वातविवराला हात न लावता केवळ संगणकावर घडवली आणि तसे अभिमानाने जाहीरही केले. त्या हंगामात त्यांना एकही गुण मिळाला नाही. दुसऱ्या वर्षी त्यांनी त्या रचनाकाराशी फारकत घेतली आणि मॅक्लारेन या मातब्बर संघाची मदत घेतली. दोष एकट्या संगणकावर ढकलणे न्यायाचे होणार नाही. संघ नवा होता, पैसा कमी होता. पण त्यांच्या पुढे धावणारे सगळे संगणकही वापरत होते आणि वातविवरही.

आता संगणकाचीही बाजू सांगते, नाहीतर मी जुन्या वळणाची म्हणून माझी बोळवण होईल. १९८७ साली अमेरिकेत नासाच्या एम्स केंद्रात किम, मोईन आणि मोझर या तिघांनी दोन समांतर भिंतींमधला प्रवाह कोणतेही मॉडेल न वापरता, सुमारे ४० लाख बिंदूंवर मोजला. रेनॉल्ड्स अंक अगदी लहान, जेमतेम ३३००. बहुतेक आकडे जुन्या प्रयोगांशी छान जुळले. भिंतीच्या अगदी लगत मात्र जुळेनात. मग प्रश्न आला, चूक कोणाची? भिंतीपासून केसाएवढ्या अंतरावर तापलेली तार धरून वेग मोजणे महाकठीण असते. या खेपेला संशय संगणकाकडून मोजमापाकडे वळला. ती आकडेमोड पुढे इतकी विश्वासाची ठरली की आज नवे मॉडेल केले की तिच्याशी ताडून पाहतात. सोनाराकडचा कसाचा दगड असतो, तसे तिचे झाले. आता कृत्रिम बुद्धिमत्तेला प्रवाह शिकवण्याचे प्रयत्न चालू आहेत. त्यांतही धडे म्हणून अशाच आकडेमोडी आणि प्रयोगांची मापे द्यावी लागतात.

आपल्याकडेही दोन्ही वाटा चालू राहिल्या. बंगलोरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने १९८६ साली आपला समांतर संगणक बांधला तो प्रवाहाची गणिते सोडवण्यासाठीच, आणि त्याचे नावही ठेवले 'फ्लोसॉल्व्हर'. इकडे पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, १९१६ साली सुरू झालेले. तिथे धरणांच्या सांडव्यांच्या आणि बंदरांच्या छोट्या प्रतिकृती बांधून त्यांतून खरेखुरे पाणी सोडतात. त्याच आवारात संगणकावरही तेच प्रश्न सोडवतात. एकाचे उत्तर दुसऱ्याला दाखवून मगच पुढे जायचे, ही तिथली रीत.

तेव्हा भावजींना सांगा, बटण दाबले की चित्र येते हे अगदी खरे. ते बटण दाबायला शिकायला महिनाभर पुरे. भट्टीचे झोत गोल आहेत, म्हणजे या चित्रावर विसंबू नये, हे कळायला मात्र माझ्या भाच्याला एक आख्खी भट्टी बिघडवावी लागली. ती दोन वर्षे आहेत ती याच्यासाठी.

बडोद्याच्या भगिनींना मी उत्तर पाठवले आहे. त्यात एवढेच जास्तीचे लिहिले की, प्रवेशाची फी भरण्याआधी लेकीने त्या कॉलेजात एक चक्कर मारावी आणि प्रयोगशाळेचे दार उघडायला सांगावे. वातविवर चालू असेल, कोणी विद्यार्थी त्यात काही धरून बसला असेल तर खुशाल फी भरा. त्यावर जुन्या खुर्च्या आणि कपाटे रचून ठेवलेली असतील, तर दुसरे कॉलेज बघा.